दाखला कोणी द्यावयाचा?

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत राखीव जागांचा विषय निघाला की संभाषणाचा सूर ठरलेला असतो. लग्नाचा मांडव असो की सणाच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात जमलेली मंडळी असोत, कोणीतरी सुस्कारा टाकते, "आमच्या पोरांना गुण असून नोकरी नाही, आणि ह्यांना दाखल्यावर घरबसल्या मिळते." ऐकणारे माना डोलावतात. हा सूर आम्हांस मान्य नाही. त्या वाक्यातील 'घरबसल्या' हा शब्द खोटा आहे, आणि 'दाखला' ह्या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याला ठाऊक नाही, असे आमचे मत आहे.

आपण नोंदींची माणसे आहोत. मूल जन्मले की त्याचा बाप्तिस्मा होतो, आणि त्याचे नाव, आईवडिलांचे नाव, गाव व तारीख धर्मग्रामाच्या नोंदवहीत उतरते. लग्नाची वही वेगळी, मृत्यूची वेगळी. पणजोबांचे नाव हवे असेल तर आम्ही धर्मगुरू कपाट उघडतो, वाळवीने सोडलेली पाने उलटतो आणि पाच मिनिटांत उतारा लिहून देतो. ह्या सोयीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की कागद नसलेला माणूस म्हणजे काय, ह्याची कल्पनाच आपल्याला येत नाही.

आता माण, खटाव, आटपाडी, जत ह्या दुष्काळी तालुक्यांकडे वळू. माळावर पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारधी कुटुंबातला एखादा मुलगा आश्रमशाळेतून बारावी होतो. त्याला पोलीस शिपाई किंवा तलाठी व्हावयाचे आहे. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात, आणि राज्याच्या नोकऱ्यांत त्या जमातींसाठी 7 टक्के जागा राखीव आहेत. येथवर सारे सरळ. परंतु प्रांताधिकाऱ्यांकडून जातीचा दाखला मिळविण्यासाठी त्याला दाखवावे लागते की 6 सप्टेंबर 1950 रोजी आपले पूर्वज ह्याच मुलखात राहत होते व ते पारधीच होते. नुसता दाखला पुरत नाही. तपासणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. अनुसूचित जमातींसाठी अशी समिती प्रत्येक जिल्ह्यात नसते. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला त्यासाठी पुणे गाठावे लागते. जतहून पुणे अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. समिती जुन्या कागदांना सर्वाधिक वजन देते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2023 साली संविधानपूर्व कागदांचे हे महत्त्व मान्य केले आहे. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, सातबारा. जो आजोबा कोणत्याही शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, जो एका गावात पंधरवड्याहून अधिक टिकू शकला नाही, त्याच्या नातवाकडे हे कागद मागितले जातात. त्यातही एक गंमत आहे, तिला गंमत म्हणावयाचे तर. 1950 साली सांगली जिल्हा ह्या नावाचा जिल्हाच नव्हता. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 साली 'दक्षिण सातारा' असा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली पडले. सरकारची स्वतःची पाटी त्या काळात बदलत होती; पारध्याचा पत्ता मात्र पक्का हवा.

ह्याहून कडू भाग पुढेच आहे. पारध्यांची नोंद कोणी ठेवलीच नव्हती, हे खरे नाही. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला व 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. त्या कायद्याने संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. माणसांची नावे लिहिली, बोटांचे ठसे घेतले, ठराविक वेळी हजेरी लावली, तारेच्या कुंपणाआड वसाहती केल्या. त्यांपैकी काही वसाहती सरकारच्या वतीने साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालविल्या, हेही ह्या पानावर लिहून ठेवले पाहिजे. आपल्या वाचकांना ते रुचणार नाही. मुंबई प्रांताने तो कायदा 1949 साली रद्द केला आणि देशातून तो 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. म्हणजे ज्या 1950 सालचा पुरावा मागितला जातो, त्या सालापूर्वीची कित्येक वर्षे सरकार ह्या माणसांना नावानिशी मोजत होते. चोर म्हणून मोजावयाचे तेव्हा वही होती. नोकरी द्यावयाची वेळ आली तेव्हा वही अर्जदाराने आणावयाची!

शेजारच्या कोल्हापुरात ह्याच प्रश्नाकडे एका राजाने वेगळ्या नजरेने पाहिले होते. शाहू छत्रपतींनी 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या, हे सर्वांना पाठ असते. 1918 साली त्यांनी आपल्या राज्यातली हजेरीची पद्धतच बंद केली, हे कमी जणांना आठवते. ज्यांना लोक चोर म्हणत, त्या पारध्यांना त्यांनी जवळ केले, आसरा दिला, कामे दिली. त्यांच्या पणजोबांचा कागद महाराजांनी मागितल्याचे आम्ही कोठे वाचलेले नाही.

आता घरबसल्या नोकरी खरोखर कोणाला मिळाली, ते पाहू. 1994 साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलेच एक प्रकरण आले. त्यात जमातीच्या खोट्या दाव्यावर वैद्यकीय प्रवेश मिळविलेला होता. दाखल्यांची तपासणी कशी व्हावी ह्याची चौकट न्यायालयाने त्याच निकालात घालून दिली. तिच्यावरून राज्याने कायदा केला. तो 2001 साली अमलात आला. खोटा दाखला घेणाऱ्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद त्या कायद्यात आहे. त्याच कायद्याच्या आठव्या कलमात असेही आहे की, पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर राहील. कायदा झाला, तरी खोट्या दाखल्यांवर नोकरीस लागलेले हजारो लोक खुर्चीवर राहिले. सरकारी ठराव त्यांना संरक्षण देत राहिले. अखेर जुलै 2017 मध्ये, भारतीय अन्न महामंडळाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने बजावले की दावा खोटा ठरला की नोकरीही गेली. कितीही वर्षे झाली असोत, सहानुभूतीला जागा नाही.

मग काय झाले? सरकारने 21 डिसेंबर 2019 रोजी ठराव काढून ह्या मंडळींना 'अधिसंख्य' पदांवर घेतले. अधिसंख्य म्हणजे मंजूर संख्येच्या वरचे, खास निर्माण केलेले पद. प्रथम ते अकरा महिन्यांपुरते होते. 14 डिसेंबर 2022 च्या ठरावाने त्यांच्या निवृत्तिवेतनाचीही सोय झाली. आदिवासींच्या सुमारे 12,500 जागा अशा रीतीने अडल्या, हा आकडा वर्षानुवर्षे सांगितला जातो. त्या जागा मोकळ्या करून विशेष मोहिमेने भरण्याचे वचन दिले जाते आणि मोहीम रखडते. त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला मुलेबाळे आहेत, घराचे हप्ते आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांच्या पोटावर पाय द्यावा असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न एवढाच की, खोट्या कागदावर आलेल्याचे पोट ज्या सरकारला दिसते, त्याच सरकारला खरा असून कागद नसलेल्याचे पोट का दिसू नये? एकासाठी मंजूर संख्येबाहेर पद निघते. दुसऱ्यासाठी कागदाबाहेर साधी चौकशी निघत नाही.

कागद मिळालाच तरी वाट सुकर होत नाही. 2023 साली तलाठ्यांच्या चार हजारांहून अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. परीक्षेचे शुल्क खुल्या वर्गाला हजार रुपये व राखीव वर्गाला नऊशे. ऊसतोडीच्या कोयत्यावर उचल घेऊन जगणाऱ्या घरात नऊशे रुपये म्हणजे काय, हे ती सवलत ठरविणाऱ्याला विचारावेसे वाटते. त्याच वर्षी सप्टेंबरात खासगी संस्थांमार्फत कंत्राटी कर्मचारी घेण्याचा ठराव निघाला व गदारोळानंतर ऑक्टोबरात मागे घेतला गेला. ठराव गेला, वृत्ती गेली नाही. कंत्राटदाराकडे बिंदुनामावली नसते. त्याच्या दारात 7 टक्के कोण मोजणार?

गुणवत्तेचा आक्षेप घेणाऱ्यांसाठी थोडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्याच सरकारी शाळेच्या पटावर चढले. ते नाव त्या पटावर येऊ शकले म्हणून पुढची गुणवत्ता जगाला दिसली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यास वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले, आणि त्याच पंगतीतून मास्तर, मामलेदार, कारकून निघाले. गुणवत्ता दाराबाहेर उभी असते तेव्हा ती दिसत नाही. कॅनडासारख्या देशातही 1995 च्या कायद्याने मूलनिवासींना सरकारी नोकरीत योग्य वाटा मिळतो का, हे मोजावे लागते. तेथे माणूस आपली ओळख स्वतः लिहून देतो, आणि तेथेही खोटी ओळख सांगणारे निघालेच. लबाडी सर्वत्र आहे. तिच्या धाकाने प्रामाणिकाच्या तोंडावर दार लावावयाचे की नाही, एवढाच निर्णय आपला असतो.

आणि दानधर्माने हा हिशेब फिटत नाही. नाताळात पालांवर ब्लँकेटे वाटणे चांगले आहे, वाटावीत. परंतु पोप तेरावे लिओ ह्यांनी 1891 सालच्या परिपत्रात श्रमिकाची रास्त मजुरी हा त्याचा हक्क असल्याचे मांडले, आणि आजच्या परमगुरूंनी 2025 साली तेच नाव जाणूनबुजून घेतले. हक्काच्या जागी ब्लँकेट देऊन आपण समाधानी राहणार असू, तर ते परिपत्र आपण वाचले नाही असेच म्हणावे लागेल.

आमची मागणी मोठी नाही. ज्या जमातींना सरकारने एकदा गुन्हेगार म्हणून नोंदविले, त्यांच्यापुरता पुराव्याचा भार सरकारने उचलावा. हजेरीच्या, वसाहतींच्या ज्या नोंदवह्या पोलिसांच्या व अभिलेखागारांच्या दप्तरात उरल्या असतील, त्या समितीनेच काढाव्यात. समितीने जत, दहिवडी येथे येऊन बसावे. वृद्धांच्या जबान्या पालावर घ्याव्यात. वडिलांकडील रक्ताच्या एका नात्याला वैधता मिळाली की त्या घरातील पुढच्यांचे काम पुष्कळ सोपे होते. म्हणजे पहिला दाखला निघणे हेच खरे अवघड आहे.

तेथे आपल्या धर्मग्रामांना काम आहे. आपल्यांत निवृत्त कारकून, शिक्षक, तहसील कचेरीत हयात घालविलेले लोक आहेत. अर्ज कसा भरावा, कोणत्या टेबलावर तो अडतो, अपील किती दिवसांत करावे, हे त्यांना तोंडपाठ असते. अशा दोघांनी महिन्यातून एक रविवार मिस्सानंतर जवळच्या पालावर जाऊन बसावे. एका घराचा एक अर्ज हाती घ्यावा आणि तो पुण्याच्या समितीपर्यंत पोहोचेस्तोवर सोडू नये. जाण्यायेण्याचे बसभाडे धर्मग्रामाच्या निधीतून द्यावे, असे आम्ही पुढील पॅरिश कौन्सिलपुढे मांडणार आहोत.