शेततळे कोणाचे, पाणी कोणाचे?

अमरावतीच्या राजापेठेतून भातकुली-दर्यापूरच्या वाटेला लागले की खारपाणपट्टा सुरू होतो. पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट. गोड पाणी तेवढे आभाळातले. काळ्या चिकण जमिनीतून ते सहज झिरपतही नाही. येथे शेततळे ही चैन नसून गरज आहे.

तेव्हा प्रश्न तळे हवे की नको हा नाही. तळे कोणाच्या पैशाने होते आणि त्याचा लाभ कोणाला मिळतो, हा खरा प्रश्न आहे. २०१६ साली राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली आणि ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. मात्र किमान ०.६० हेक्टर जमिनीची अट होती. म्हणजे भूमिहीन मजुराने मागायचेच नव्हते. शिवारातून वाहणारे पाणी कोणाच्याही सातबाऱ्यावर नसते, पण अनुदानित बांधाआड शिरताच ते खातेदाराचे होते. खर्च समाजाचा, मालमत्ता मात्र व्यक्तीची, असा हा व्यवहार आहे.

राज्याच्या इतर भागांत तर प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांत विहिरी व बोअरचे पाणी उपसून भरले गेले. सर्वांचा भूगर्भातील साठा एकाने वर आणला आणि त्यातला काही भाग उन्हाने नेला. अशा तळ्याच्या गुळगुळीत काठावर लव्हाळे उगवत नाही, बगळा उतरत नाही. तहानलेले जनावर आत घसरले तर त्याला बाहेर पडता येत नाही.

याउलट पूर्व विदर्भातील मामा तलाव पाहावेत. मालगुजारी काळातील हे तलाव मालकाच्या नावे असले, तरी त्यांवर गावाचे निस्तार हक्क होते. भातशेती, ढिवरांची मासेमारी आणि पाणपक्षी एकाच पाण्यावर जगत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली व तलाव सरकारकडे आले, हे योग्यच झाले. परंतु देखभालीची जबाबदारी नीट कोणीच उचलली नाही आणि गाळ साचत गेला. मालकी बदलली म्हणजे व्यवस्था आपोआप उभी राहत नाही, हा धडा समाजवाद्यांनीही घ्यावा.

त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर ठरला, त्यात भूमिहीनही आले आणि ऊस वर्ज्य झाला.

छोट्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. अनुदानाच्या अटी बदलल्या पाहिजेत. तळे पावसानेच भरावे. एक काठ उतरता व गवताळ ठेवावा, म्हणजे पशुपक्ष्यांना पाणी मिळेल. पाणी टिकते तेथे रोहू-कटल्याची बोटुकली सोडण्याचा हक्क भोई व भूमिहीन कुटुंबांच्या सहकारी संस्थेला करारानेच मिळावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्रामसभेत मांडावी. बांध एकाच्या शेतात असेल. त्याआड अडलेला पाऊस मात्र साऱ्या गावाचा आहे.