परराज्यातील दंड आणि दाद मागण्याचा हक्क

नाशिकचा एखादा शिक्षक सुट्टीत सापुताऱ्यामार्गे सुरतेला जाऊन येतो आणि काही दिवसांनी त्याच्या भ्रमणध्वनीवर दंडाचा संदेश येऊन थडकतो. अमुक ठिकाणी, अमुक वेळी वाहनाचा वेग मर्यादेपेक्षा अधिक होता, असे त्यात म्हटलेले असते. छायाचित्रातील वाहन त्याचेच असते. परंतु मर्यादा दर्शविणारा फलक त्या जागी होता काय, याविषयी त्याला शंका असते. ही शंका त्याने कोठे मांडावयाची?

शंका निराधार ठरविता येणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमानुसार राज्य सरकारला सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर वेगाची मर्यादा घालता येते. मात्र त्यासाठी योग्य जागी फलक उभारणे सरकारवर बंधनकारक आहे. वेग टिपणाऱ्या यंत्रांबाबत केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम केले. यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र असावे, ते दरवर्षी नव्याने घेतले जावे, यंत्र असल्याची सूचना वाहनचालकास रस्त्यावरच मिळावी आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पोचावी, अशी बंधने त्यात घातली गेली. ती पाळली गेली की नाही, हे विचारणे म्हणजे कायद्यातून पळवाट काढणे नव्हे.

अडचण निराळीच आहे. गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयातच त्याची चौकशी सामान्यत: व्हावी, हे आपल्या फौजदारी कायद्याचे जुने तत्त्व आहे. हलक्या वाहनाच्या अतिवेगास कायद्याने एक ते दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. तो नाकारण्यासाठी परराज्यात खेटे घालावयाचे, रजा खर्ची घालावयाची अथवा तेथे वकील द्यावयाचा, तर खर्च दंडाच्या कितीतरी वर जातो. साहजिकच नोकरदार मनुष्य मुकाट्याने पैसे भरतो आणि त्याची ही अगतिकता गुन्ह्याची कबुली म्हणून नोंदली जाते. लोकन्यायालयात रक्कम कमी करून मिळाली, तरी ती तडजोड असते, सुनावणी नव्हे.

याच कायद्याचे २०८ वे कलम किरकोळ गुन्ह्यांत आरोपीला नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून दंड धाडण्याची सवलत देते. गुन्हा नाकारणाऱ्यास मात्र स्वत: किंवा वकिलामार्फत उभे राहावे लागते. अलीकडच्या आभासी न्यायालयांतही दंड घरबसल्या भरता येतो; परंतु हरकत घेताच प्रकरण त्या भागातील नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. म्हणजे दंड स्वीकारताना अंतर आड येत नाही, हरकत ऐकतानाच ते आड येते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशा प्रकरणी रक्कम आधी अनामत ठेवून लेखी निवेदनावर निर्णय मागता येतो. आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३० व्या कलमाने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खटले चालविण्यास मुभा दिली आहे. तेव्हा नवा कायदा हवा असे नाही. परराज्यातील वाहनधारकाचे लेखी म्हणणे घ्यावे, यंत्राचे प्रमाणपत्र आणि फलकाचा पुरावा त्याला दाखवावा, आणि दूरदृश्य सुनावणीने निकाल द्यावा, एवढी व्यवस्था उच्च न्यायालये आणि राज्य सरकारे यांनी मनावर घेतल्यास होऊ शकेल.

अतिवेगाने माणसे मरतात, हे कोणीही नाकारू नये. दोषी ठरलेल्याने दंड भरलाच पाहिजे. तथापि दोष ठरविण्यापूर्वी ऐकून घेणे हा न्यायाचा प्राथमिक नियम आहे. नाशिककरांनी तो केवळ आपल्यापुरता मागू नये. सिंहस्थ पर्वात राज्याराज्यांतून वाहने नाशिक-त्र्यंबकेश्वरी येतात. सुरतेत नाशिकच्या शिक्षकाला जी दाद हवी, तीच नाशकात दंड झालेल्या परप्रांतीय यात्रेकरूलाही मिळाली पाहिजे.