अंगणातली चिंच आणि घराची वाटणी

घराची वाटणी निघाली की खोल्या मोजल्या जातात, जिन्याचा हक्क ठरतो, नळ कुणाच्या बाजूला येणार यावर दोन-दोन दिवस बोलणे चालते. अंगणातल्या झाडाबद्दल मात्र एकच वाक्य निघते, "ते तोडावेच लागेल." शिरूर-दौंडकडच्या आपल्या जुन्या घरांत हे झाड बहुधा कडुनिंबाचे असते, नाहीतर चिंचेचे. आज आपण चिंचेविषयी बोलू.

शिरूर तालुक्यातले एक गाव तर चिंचेच्याच नावाने ओळखले जाते, मोराची चिंचोली. तिथली जुनी चिंचेची झाडे पेशवाईतली असल्याचे लोक सांगतात. मोर दिवसभर शेतात दाणे टिपतो, पण रात्री मुक्कामाला त्याला उंच, दाट झाड लागते. चिंचा टिकल्या म्हणून मोर टिकले, आणि आज मोर बघायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे गावातल्या कित्येक घरांत चार पैसे येतात. हा भाग कमी पावसाचा. अशा कोरड्या मातीतही चिंच खोल मुळांवर तग धरते आणि दोनशे वर्षेसुद्धा सहज जगते. लावल्यावर फळ यायला मात्र सात-आठ वर्षे लागतात. म्हणजे चिंच लावणारा माणूस नातवंडांचा विचार करूनच लावतो.

तिच्या नावातही एक गंमत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ चिंचेचे मूळ आफ्रिकेत मानतात, पण ती इथे हजारो वर्षांपासून इतकी रुजली की अरब व्यापाऱ्यांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हटले. त्यावरूनच इंग्रजीत 'टॅमरिंड' झाले. आपल्या दालच्याला आंबटपणा देणारी चिंच जगभर हिंदुस्थानच्याच नावाने ओळखली जाते. तिला परकी कोण म्हणेल?

आता कायद्याचे पाहू. शिरूर आणि दौंड या दोन्ही शहरांत नगरपरिषद आहे, त्यामुळे तिथे 1975 चा नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. 2021 मध्ये त्यात बदल झाला आणि 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड 'हेरिटेज ट्री' मानले जाऊ लागले. असे झाड परवानगीने तोडले तरी त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. साठ वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात साठ झाडे! खेड्यातल्यांनीही आपण सुटलो असे समजू नये. तिथे 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि परवानगीशिवाय तोडू नयेत अशा झाडांच्या यादीत चिंच आहे. झाड आपल्या जागेत असले तरी नियम बदलत नाही.

पण केवळ दंडाच्या भीतीने झाड राखायचे का? लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. दादाजान गेले, त्यांची चिंच उभी आहे. गल्लीतली पोरे अजून दगड मारून चिंचा पाडतात, दुपारी भाजीवाली तिच्या सावलीत टोपली टेकते. दादाजानच्या नावे हा सदका अजून चालूच आहे. तो बंद करण्याचा निर्णय एका खोलीसाठी घाईत घेऊ नये.

मग वाटणीचे काय? जागेचे हिस्से शरीयतप्रमाणे आणि कायद्याप्रमाणे व्हायलाच हवेत. बहिणींचा हिस्साही त्यात आलाच. पण जिना किंवा विहीर जशी सामाईक ठेवतात, तशी झाडाभोवतीची जागाही वाटणीपत्रात सामाईक लिहिता येते. जुनी खरेदीखते काढून पाहा. "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण" अशी ओळ त्यांत सापडेल. पाण्यानंतर लगेच झाड! आपल्या वडीलधाऱ्यांनी झाडाला मालमत्तेत धरले होते. फळांचे हिस्से तर भाऊ-बहिणींत दरवर्षी हसत होतील.

काही गोष्टी आजच करता येतील. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून झाड कुणी आणि केव्हा लावले ते लिहून ठेवा. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा, फोटो काढा. बुंध्यापर्यंत फरशी किंवा काँक्रीट केले असेल तर चारी बाजूंनी हातभर माती मोकळी करा. खोडात खिळे ठोकू नका. एखादी फांदी घरावर येत असेल तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेऊन तेवढीच छाटा. झाड खरेच पोकळ, धोक्याचे झाले असेल तर तेही त्यांनाच पाहू द्या.

वाटणीला बसाल तेव्हा कागदपत्रांत झाडाचीही एक ओळ असू द्या. खोली वर्षभरात बांधून होते. चिंचेला दोन पिढ्या लागतात.