कासवाचा किनारा, वाघाचे रान

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. पिलांचे तोंडही ती पाहत नाही. आपल्या मेळघाटातील वाघीण मात्र दोन-तीन बछड्यांना जवळपास दोन वर्षे सोबत वागवते, शिकार शिकवते. कासवाच्या घरट्याला पन्नासेक दिवसांच्या पहाऱ्याचा मोठा आधार होतो. वाघाला विस्तीर्ण, निवांत रान लागते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही पहिल्याच अनुसूचीत स्थान दिले. माणसांच्या वाट्याला मात्र सारखे आले नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासच्या ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी राखली. आज तेथील घरोघरी पर्यटक उतरतात, चार पैसे गावातच राहतात. मेळघाटात १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे बोरी, कोहा, कुंड ही गावे उठली आणि अकोट तालुक्यात वसवली गेली. रानातला कोरकू माणूस कपाशीच्या मुलखात आला.

वाघ जगलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हे इतिहासाच्या शिक्षकाने विचारायचे नाही तर कोणी? २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली. ती कागदावरची सही नव्हे.

पालकहो, माजी विद्यार्थ्यांनो, पुढील वर्षी शाळेची सहल मेळघाटात न्यावी, ही माझी सूचना आहे. मात्र पहिला मुक्काम अकोटजवळच्या पुनर्वसित वस्तीत असावा. वाघ दुसऱ्या दिवशी पाहू.