बाटलीचा तळ

गेल्या मंगळवारी मुळशी तालुक्यात शिक्षकांच्या एका ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) प्रशिक्षणाला दिवसभर बसून आलो. कुणाचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच चाललंय. बाहेर धो धो पाऊस, आत पडद्यावर स्लाइडमागून स्लाइड. टेबलावर रोबोटिक्सच्या किटचा खोका होता. दुपारी एका सरांनी विचारलं, “उघडून बघू का?” साधनव्यक्ती म्हणाले, “नको सर, एखादी वस्तू हरवली तर हिशेब मला द्यावा लागतो.” संध्याकाळी तो खोका जसा आला तसाच गाडीत गेला आणि आमच्या मोबाइलवर अभिप्रायाची लिंक आली. त्या साधनव्यक्तींवर माझा राग नाही. त्यांनाही हे असंच शिकवलेलं आहे.

चहाच्या वेळी मुळशी खोऱ्यातल्या द्विशिक्षकी शाळेच्या एका बाईंनी मला फोटो दाखवले. मुलांनी कोल्ड्रिंकची बाटली कापून पर्जन्यमापक केला होता. बाटलीच्या तळाला फुगवटे असतात, मग शून्य कुठं धरायचं? एकानं वाळू भरली, तर पाणी वाळूतच जिरलं. शेवटी खडे टाकून खुणेपर्यंत पाणी भरलं आणि तिथं शून्य धरलं. मग जास्त पाऊस गोळा व्हावा म्हणून मुलांनी वर मोठं नरसाळं बसवलं. झालं, शेजारच्या वाडीतल्या शाळेपेक्षा यांचा पाऊस रोज दुप्पट भरायला लागला!

“सर, मलाही आधी कळेना,” बाई म्हणाल्या. नरसाळ्याचं तोंड १४ सेंटिमीटर, बाटली १० सेंटिमीटर. मग दुप्पट कसं? त्यांनी चौकटीच्या कागदावर दोन्ही वर्तुळं काढून घेतली आणि मुलांना चौकटी मोजायला बसवलं. एकात दीडशेच्या वर भरल्या, दुसऱ्यात जेमतेम ऐंशी. कोडं सुटलं. यात गणित कुठं संपलं आणि इंजिनिअरिंग कुठं सुरू झालं, हे मला कुणी सांगावं.

त्या दिवशी हॉलमध्ये खरं प्रशिक्षण एवढंच झालं, आणि तेही चहाच्या सुट्टीत. दोन शिक्षकांच्या शाळेत विषय मुळात वेगळे नसतातच; एकच बाई भागाकार शिकवतात आणि त्याच परिसर अभ्यास घेतात. आपण त्यांना विषयवार प्रशिक्षणांना बोलावतो, आणि मग हे विषय जोडायचे कसे, यासाठी आणखी एक प्रशिक्षण काढतो.

हे विषय हातानं जोडता येतात, याचा दाखला पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या त्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक आणि आरोग्य यांत घालवतात. शिकवणारे बहुधा आसपासचेच, हातात कसब असलेले. हात चालले की डोकं चालतं, हे कलबागांनी आपल्याच पुणे जिल्ह्यात करून दाखवलंय. त्यासाठी आणखी एक समिती नेमायची गरज नाही.

हायस्कूलच्या शिक्षकांना तर शिकवायला मुळशीत धरणच आहे. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथल्या शेतकऱ्यांनी ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला, त्याच धरणाचं पाणी साधारण ५०० मीटर खाली भिऱ्याला उतरतं आणि १९२७ पासून तिथं वीज होते. शाळेच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी एवढ्या उंचीवरून रिकामी केली, तर गळती-घर्षण सोडून सव्वा युनिटहून थोडी जास्त वीज मिळेल. वस्तुमान, उंची, गुरुत्वत्वरण, एवढा गुणाकार नववीच्या मुलाला येतो. आणि त्या विजेसाठी कुणाची भातखाचरं पाण्याखाली गेली, हा प्रश्नही त्याच तासाला निघायला हवा.

शिक्षकाच्या खिशात मोजायचा टेप असावा, हा माझा हट्ट आहे. आकडेवारी माझ्याजवळ नाही, पण ज्या शिक्षकाच्या खिशात तो असतो, त्याच्या वर्गात गणिताची धास्ती कमी असते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. प्रशिक्षण आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : त्यातले दहा तास पडदा बंद ठेवा. शिक्षकांना कात्री, बाटली, टेप आणि वजनकाटा द्या, त्यांचं चुकू द्या, आणि त्यांना शिकवायला खोऱ्यातल्या त्या बाईंना बोलवा. पाऊस अजून दोन महिने आहे.