दुसरी लाइन दुसऱ्या वाटेने हवी

सिंधुदुर्गातलं देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. मालवणहून तारकर्लीमार्गे येणारा रस्ता एकच. वाऱ्यात एखादी झावळ वायरीवर आदळली की पडवीतल्या राउटरवर लाल दिवा लुकलुकू लागतो.

इथल्या घराघरांत पर्यटकांसाठी खोल्या असतात. पूर्वी नेट गेलं तर पाहुण्यांचा सिनेमा अडायचा, एवढंच. आता खोल्यांचं बुकिंग, बिलं, जीएसटीचा हिशेब सगळं क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर असतं. नेट नसताना मालकाने फोनवर खोली दिली आणि संकेतस्थळावर तीच मोकळी दिसत राहिली, तर रात्रभर गाडी चालवून आलेली दोन कुटुंबं सकाळी एकाच खोलीसाठी दारात उभी राहतात. परदेशी पाहुण्याची नोंदही २४ तासांत ऑनलाइन करावी लागते.

म्हणून दुसरं कनेक्शन ही आता चैन राहिलेली नाही. मात्र ते घेताना एक चूक सर्रास होते. कंपनी बदलली जाते, वाट तीच राहते. दोन कंपन्यांच्या फायबर एकाच खांबांवरून येत असतील तर माड पडल्यावर दोन्ही तुटतात. एकाच चरातून येत असतील तर जेसीबीचा एक फटका पुरतो. पहिली लाइन फायबरची असेल तर दुसरी मोबाइल सिमची हवी. सिम घेण्याआधी टॉवरचीही चौकशी करावी, कारण एका टॉवरवर अनेकदा दोन-तीन कंपन्या असतात. दोन्ही लाइन घेणारा राउटर पहिली गेली की आपोआप दुसरीवर जातो.

मोठ्या कंपन्या हेच करतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या इंटरनेटच्या केबल तुटल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टची अझ्युर ही क्लाउड सेवा संथ झाली, पण चालू राहिली. तिची वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवता आली.

तरीही विजेचा प्रश्न उरतो. १६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं. खांब कोसळले, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली आणि मोबाइलची रेंजही गेली. वीज नसेल तर धडधाकट फायबरही निरुपयोगी, कारण घरातला मोडेमच बंद असतो. राउटरपुरता छोटा यूपीएस काही तास निभावून नेतो. टॉवरच्या जनरेटरचं डिझेल मात्र गावकऱ्यांच्या हातात नाही.

इथे शासनाने पुढे यायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये पूर आला, तेव्हा दूरसंचार विभागाने कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला उपलब्ध असेल त्या नेटवर्कवर फोन लावता येईल अशी सोय सुरू केली होती. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याच्या किनाऱ्यावर वादळाचा इशारा येताच ही सोय सुरू व्हावी आणि टॉवरवरचा डिझेलसाठा पावसाआधी तपासला जावा, ही मागणी रास्तच आहे.

पाऊस सरला की मालवणात घरांना रंग लागतो, गाद्यांना ऊन दाखवलं जातं. त्याच आठवड्यात प्रत्येक मालकाने एकदा मेन स्विच बंद करावा, राउटरची फायबर काढावी आणि सिमवर एक बुकिंग घेऊन पाहावं. पुढच्या चार दिवसांच्या पाहुण्यांची नावं आणि फोन नंबर वहीत उतरवले आहेत ना, तेही तेव्हाच पाहून घ्यावं.