‘मिरु’ मराठीतून शिकवा

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, पण ‘मिरु’ हे क्रियापद त्यांच्यापर्यंत बहुधा इंग्रजीतून पोहोचतं: ‘टू सी’. पुढचे उपयोग मग सुटेसुटे पाठ करावे लागतात. वास्तविक आमटीची चव बघायची तर जपानीत ‘आजि ओ मिरु’, नाडी बघायची तर ‘म्याकु ओ मिरु’, स्वप्न पाहायचं तर ‘युमे ओ मिरु’, आणि म्हाताऱ्या आईवडिलांचं कोणी बघत असेल तर ‘मेंदोओ ओ मिरु’. इंग्रजी इथे दर वेळी क्रियापद बदलते, मराठी बदलत नाही. लग्नासाठी स्थळ बघण्याला जपानीत ‘मिआइ’ म्हणतात, त्यातला ‘मि’सुद्धा हाच. इतकं हाताशी असताना इंग्रजीचा वळसा घेणं मला विद्यार्थ्यावर अन्याय वाटतो.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते ‘ते मिरु’ या रूपात. ‘ताबेते मिरु’ म्हणजे सरळ ‘खाऊन बघणं’. इंग्रजीतून ‘ट्राय’ असा अर्थ दिला की घोटाळा सुरू होतो, कारण त्या एका शब्दात दोन वेगळ्या क्रिया येतात. ‘आकेते मिता’ म्हणजे दार उघडून पाहिलं. दार उघडलं, आत काय आहे ते कळलं. ‘आकेयोओ तो शिता’ म्हणजे दार उघडू पाहिलं. इथे उघडण्याची नुसती धडपड आहे, ते उघडलं की नाही हे वाक्य सांगत नाही. ‘करून पाहणं’ आणि ‘करू पाहणं’ यांतला हा फरक मराठी मुलाला व्याकरण न शिकताही कळतो.

साम्य फसवतं, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. ‘वाट पाहणं’ला जपानीत ‘मात्सु’ लागतं, तिथे ‘मिरु’ चालत नाही. ‘दार उघडून पाहिलं, पण उघडलंच नाही’ हे आपण सहज बोलतो. ‘आकेते मिता’ वापरून तेच म्हटलं तर जपानी कानाला सहसा खटकतं. डॉक्टर रोग्याला तपासतात तेव्हाच्या ‘मिरु’ची कांजी, म्हणजे लिहिण्याचं चिन्हही वेगळं. पण हे अपवाद नेमके कुठे आहेत, हे दोन्ही भाषा शेजारी ठेवल्यावरच दिसतं. इंग्रजी मध्ये आली की साम्यही झाकलं जातं आणि फरकही. वर्गात सगळे मराठी नसतात, हा दुसरा आक्षेप. त्याने तर मुद्दा बळकटच होतो. हिंदीत ‘करके देखना’, कन्नडमध्ये ‘माडि नोडु’, तमिळमध्ये ‘शेय्दु पार’: करून पाहण्याची ही रीत त्या बाकांवरही आधीपासून आहे.